घोसीपुऱ्याची गाडी आणि आमची माडी



ग्वाल्हेरला पाहुणे आले की दोन गोष्टी दाखवाव्याच लागतात. एक किल्ला आणि दुसरी जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी. मी दोन्ही इतक्या वेळा दाखवल्यात की गाइडनं सुट्टी घेतली तर माझं नाव सुचवायला हरकत नाही! पण आज लिहायचंय ते त्या गाडीच्या निमित्तानं आम्हा काही म्हाताऱ्यांच्या एका उद्योगाबद्दल. लश्करातल्या एका माडीवर दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही छोट्या आगगाड्या करतो. गेली चौदा-पंधरा वर्षं. "करतो" पेक्षा "गाड्यांवर बोलतो" म्हणणं जास्त खरं. या बोलण्यापायी आमची एक मोठी चूक झाली. ती कबूल करायची आहे, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

आधी चांदीच्या गाडीबद्दल, कारण मूळ तिथेच आहे.

माधवराव महाराज शिंदे (धाकटे माधवराव, १८७६ ते १९२५) यांना आगगाडीचं विलक्षण वेड. इंजिन स्वतः चालवायची हौस. इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनला बॅसेट-लोक नावाची कंपनी होती, खेळण्यातल्या आगगाड्या अगदी खऱ्यासारख्या बनवण्यात नाव कमावलेली. तिच्याकडून १९०६ साली महाराजांनी जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी करून घेतली. विजेवर चालणारी. मागे सात डबे, आणि डब्यांवर इंग्रजीतल्या 'सिंदिया' नावाची सात अक्षरं. डब्यांत मद्याच्या सुरया, सिगार वगैरे. टेबलावर रूळ, गाडी पाहुण्यासमोर यायची, पाहुण्यानं सुरई उचलली की थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची.

१९६४ साली राजवाड्यात म्युझियम सुरू झालं. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. वडील आम्हां भावंडांना घेऊन गेले. बाकीचे झुंबरं बघत होते आणि मी टेबलापाशी अडकलो. सुरई उचलली की गाडी थांबते कशी, एवढाच प्रश्न डोक्यात. घरी येऊन वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "राजाची गाडी आहे, राजाचं ऐकते." कॉमर्सला गेलो तरी तो प्रश्न काही सुटला नव्हता. विजेचा प्रवाह रुळातून जातो, वजन उचललं की जोड तुटतो आणि मोटर थांबते, हे कळायला निवृत्तीनंतरची माडी लागली.

पण माधवराव महाराजांची खरी गाडी टेबलावरची नव्हती. ती होती आपली छोटी लाइन. दोन फूट रुंदीचे रूळ. सुरुवात झाली ती महाराजांची खासगी ट्रामवे म्हणून, १८९० च्या दशकात. मग तिची ग्वाल्हेर लाइट रेल्वे झाली. शतक बदलता बदलता एक फाटा भिंडकडे, दुसरा शिवपुरीकडे गेला. तिसरा १९०४ साली सबलगढला पोचला आणि १९०९ साली थेट श्योपूरला. हा श्योपूरचा फाटा सुमारे २०० किलोमीटर लांब. दोन फुटी रुळांवर एवढं अंतर एका दमात जाणारी गाडी विरळाच. १९५१ साली ही लाइन मध्य रेल्वेत गेली, तरी लश्करात बरीच वर्षं लोक तिला "महाराजांची गाडी"च म्हणायचे.

आमच्या लहानपणी ही गाडी शहराच्या मधूनच जायची. ग्वाल्हेरहून सुटली की घोसीपुरा, मग मोतीझील, पुढे बामौर गाव, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ. घोसीपुऱ्याच्या फाटकावर सायकली, टांगे, भाजीवाले सगळे खोळंबायचे, आणि ही बाई डुलत डुलत जायची. धावती गाडी पकडणं हा पराक्रम नव्हता. उतरून, लघवी करून, परत चढणं हा थोडाफार पराक्रम होता. टपावर माणसं, दुधाच्या किटल्या, क्वचित बकरी. श्योपूरला पोचायला अख्खा दिवस. माझी आत्या सबलगढला दिलेली. दिवाळीला तिच्याकडे जाताना आई डब्यात दशम्या अशा बांधायची की जणू आम्ही काशीला निघालोय.

म्हणजे बघा, एका राजाचं खेळणं म्हणून आलेली गाडी दोन पिढ्यांत गरिबाची सोय झाली. आणि आता ती पुन्हा खेळणं झालीय, आमच्या माडीवर. त्याचीच ही हकीकत.

मी २०१० साली बँकेतून निवृत्त झालो. पहिले सहा महिने सकाळी नऊला तयार होऊन बसायचो, सवयीनं. घरची मंडळी वैतागली. त्या सुमारास मुलगा न्यू जर्सीहून आला, त्यानं आपल्या पोरासाठी घेतलेला एक ट्रेन सेट इथेच सोडून गेला. एक इंजिन, तीन वाघिणी, गोल रूळ, कंट्रोलर. नातवानं दोन दिवस खेळून टाकून दिला. मी रात्री सगळे झोपल्यावर बैठकीच्या खोलीत मांडला. सौ. पाणी प्यायला उठली, तिनं बघितलं आणि काही न बोलता परत गेली. सकाळी म्हणाली, "माडी रिकामीच आहे. तिकडे मांडा काय ते."

गोष्ट पसरली. जनकगंजातले एक वकीलसाहेब आले. त्यांच्याकडे लहानपणची किल्लीची हॉर्नबी गाडी होती, पत्र्याची, रंग उडालेली, पण किल्ली दिली की अजून धावणारी. कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक मास्तर आले. एक होमिओपॅथ डॉक्टर आले, ते खरं तर चहासाठी यायचे. आणि शिंदे की छावणीतून आले फिटरदादा. छोट्या लाइनीच्या लोको शेडमध्ये आयुष्य गेलेलं, १९९६ साली निवृत्त. वयानं आमच्याहून बारा वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी त्यांनी अमेरिकन इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, चाकं बोटानं फिरवली आणि म्हणाले, "तेल मागतंय." तेल घातलं. खरंच आवाज बदलला.

आता या छंदात नवीन असणाऱ्यांसाठी थोडं माप सांगतो, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही.

खेळण्यातल्या रुळांना ठराविक मापं लावून ती विकायची पद्धत जर्मनीच्या मार्कलिन कंपनीनं १८९१ मध्ये सुरू केली. इंग्लंडात हॉर्नबीच्या किल्लीच्या गाड्या १९२० साली आल्या. पुढे घरं लहान झाली तशा गाड्याही लहान होत गेल्या. आज जगात सगळ्यात जास्त चालतं ते एचओ माप. म्हणजे खऱ्या वस्तूच्या ८७ वा हिस्सा, आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. १६.५ ला ८७ नं गुणा: १४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोप-अमेरिकेतली प्रमाण रुंदी. त्यांचा हिशेब चोख जुळतो.

आपला जुळत नाही. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ नं भागलं तर सव्वाएकोणीस येतात. बाजारात मिळतो तो रूळ साडेसोळाचा. म्हणजे आपलं इंजिन त्या रुळावर ठेवलं की धोतर नेसून तंग बूट घातल्यासारखं दिसतं. मीटरगेजला साडेअकरा लागतात, बाराचा रूळ मिळतो. इंदूरकर मंडळींचं त्यातल्या त्यात बरं आहे. (त्यांची खांडवा-इंदूर लाइन म्हणजे तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला दिलेलं एक कोटीचं कर्ज, साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षं. अशी मुदत मंजूर करणारा मॅनेजर आमच्या बँकेत दुसऱ्या दिवशी घरी गेला असता.)

आम्हाला करायची होती छोटी लाइन. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. भागिले ८७, बरोब्बर सात मिलिमीटर. सातचा रूळ सहजासहजी मिळत नाही. मिळतो तो नऊचा, एन मापाच्या गाड्यांसाठी केलेला. आणि नऊ गुणिले ८७ म्हणजे ७८३. खऱ्या लाइनीपेक्षा जवळजवळ सात इंच जास्त!

झालं. मास्तर म्हणाले, सात इंचांची चूक ही चूक नाही, खोटेपणा आहे. रूळ हातानं सोल्डर करून सातचाच करायचा. वकीलसाहेब म्हणाले, तयार रूळ घ्या, तीन फुटांवरून कोणाला कळतं? मास्तर म्हणाले, मला कळेल. वकीलसाहेब म्हणाले, मग तुम्ही चार फुटांवर उभे राहा. त्यात आमचे बडोद्याचे व्याही फोनवरून मीठ चोळायचे. त्यांची डभोईची लाइन खंडेराव गायकवाडांच्या काळातली, १८६२ ची. सुरुवातीला गाडी बैल ओढायचे. तिची रुंदी अडीच फूट. म्हणजे ७६२ मिलिमीटर, ८७ नं भागलं तर पावणेनऊ. "आमची गाडी नऊच्या रुळावर बसते, व्याहीबुवा," असं दर फोनला सांगायचे. "तुमच्या महाराजांनी सहा इंचांची काटकसर केली, ती तुम्हाला भोवली."

हे भांडण किती दिवस चाललं असेल? दिवस नाही, वर्षं. मी बँकेतल्या सवयीनं वही ठेवलेली आहे, त्यात तारखा आहेत. दर रविवारी "गेजचा प्रश्न चर्चेला घेतला, निर्णय तहकूब." डायरेक्टर बोर्डाच्या मीटिंगसारखं.

तोवर आम्ही अगदीच बसून नव्हतो. साडेसोळाच्या रुळावर नेहमीची ब्रॉडगेज चालू होती, आणि तिच्या अडचणी रोजच्या. ग्वाल्हेरची धूळ तुम्हाला ठाऊक आहे. रुळावर धुळीचा नुसता हात फिरला तरी गाडी आचके देते, कारण वीज रुळातूनच चाकात जाते. दर रविवारी पहिलं काम, फडक्याला स्पिरिट लावून रूळ पुसणं. डॉक्टरांचं खातं. मग लाइट जाणं. ऐन गाडी बोगद्यात असताना जायची. शेजारची मांजर एकदा बोगद्यात शिरून व्याली आणि तीन आठवडे वाहतूक बंद राहिली. वकीलसाहेबांनी तसा फलक लिहून लावला.

सामानही घरचंच. चहाचा चोथा वाळवून जमीन. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत. चाळलेली वाळू म्हणजे खडी, आणि ती पातळ फेविकॉलनं बसवायची. ड्रॉपर माझ्या सौ.च्या कानाच्या औषधाचा होता, हे तिला आज इथेच कळेल. कस्टम ड्यूटी भरून परदेशी झाडं मागवण्यापेक्षा किल्ल्याच्या पायथ्याची वाळकी झुडपं बरी, असा ठराव एकमतानं झाला. पंधरा वर्षांत एकमतानं झालेला हा एकच.

फिटरदादा या चर्चांत फारसे बोलायचे नाहीत. पण जे सांगायचे ते लागू पडायचं. पहिल्या वर्षी आम्ही जानेवारीत रूळ टाकले, टोकाला टोक घट्ट भिडवून. आमच्या दृष्टीनं सुबक काम. दादा म्हणाले, "फट ठेवा. इथे जानेवारीत पाच डिग्री, जूनमध्ये पंचेचाळीस. रूळ काय खोटा असला म्हणून वाढणार नाही का?" मास्तरांनी हिशेब केला. माडी अठरा फूट लांब. चाळीस अंशांच्या फरकानं त्या लांबीत साडेतीन मिलिमीटर वाढ. पण मास्तर म्हणाले, एवढं चालेल. जूनमध्ये रूळ सापासारखे वाकडे होऊन फळीवरून उठले. पुढच्या हिवाळ्यात दादांनी प्रत्येक सांध्यात दोन पोस्टकार्डं घालून रूळ बसवले आणि मग पोस्टकार्डं ओढून काढली. ते रूळ आजही तसेच आहेत.

दुसरी गोष्ट वेगाची. पोरं आली की कंट्रोलर पूर्ण फिरवायची आणि गाडी राजधानीसारखी सुटायची. दादांना ते सहन व्हायचं नाही. "आमची गाडी तीसच्या वर गेली तर ड्रायव्हरला मेमो मिळायचा," म्हणायचे. ताशी तीस किलोमीटर म्हणजे मॉडेलवर किती? सेकंदाला दहा-बारा सेंटीमीटर. एवढं हळू. पहिल्यांदा त्या वेगानं गाडी चालवली तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. ती खेळणं वाटेना.

आणि तिसरी गोष्ट, जी आम्ही ऐकली नाही. एका रविवारी गेजचं भांडण ऐन रंगात असताना दादा म्हणाले, "रूळ नऊचा मिळतो ना? मग तोच दोन फूट धरा. गाडी त्याच्यावर बेतून करा. चपलेला पाय कापायचा की पायाला चप्पल करायची?"

६१० भागिले नऊ. अडुसष्ट. म्हणजे एचओचं ८७ विसरा, सगळं ६८ वा हिस्सा करा, की रूळ बरोबर. गाडी तर आम्हाला हातानंच करायची होती. छोट्या लाइनीचं इंजिन कुठलीही कंपनी विकत नव्हती. मग ८७ चा हट्ट कशासाठी? आज हे इतकं सरळ दिसतं. पण त्या दिवशी मास्तर म्हणाले, "असं माप कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही." वकीलसाहेब म्हणाले, "त्या मापाची तयार माणसं मिळणार नाहीत, घरं मिळणार नाहीत." मी वहीत लिहिलं: "एक सूचना आली. विचाराधीन." दादांनी चहा संपवला आणि पुन्हा रूळ पुसायला लागले.

२०१३ साली भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलो, तेव्हा वेळ काढून कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या हौसेतून उभं केलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. एक पूर्ण गाव मांडलंय. सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, आणि मधून वेगवेगळ्या गाड्या. दिवे मंद होऊन रात्र होते आणि खिडक्या उजळतात तेव्हा शेजारचं पोर टाळ्या वाजवत होतं, आणि खरं सांगतो, मीसुद्धा. परत आल्यावर मंडळींना म्हटलं, त्या माणसानं भांडत बसण्यापेक्षा गाडी चालवली, म्हणून आज लोक बघतायत. सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी वहीत नोंद आहे: "गेजचा प्रश्न चर्चेला घेतला."

आमचा समज असा, की घाई कसली? लाइन समोर चालू होती. वाटेल तेव्हा घोसीपुऱ्याला जाऊन मोजमाप घेऊ. शिवपुरीची गेली होती, भिंडची ब्रॉडगेज झाली होती, पण श्योपूरची होती. आणि दादा होते. वाफेच्या इंजिनाची फूटप्लेट किती उंच, पाण्याची टाकी कुठे, शेडमधला खड्डा किती खोल, फाटकाचा रंग कुठला, सगळं त्यांच्या डोक्यात. कधीही विचारता येईल.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि श्योपूरची गाडी थांबली. पुन्हा सुटलीच नाही. ब्रॉडगेजचं काम मंजूर झालेलंच होतं. छोटे रूळ उचलायला सुरुवात झाली. यात कोणावर राग नाही. सबलगढच्या आत्याच्या नातवंडांना दवाखान्यात जायला अर्धा दिवस डुलत यायचं नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच आहे. बडी लाइन यायलाच हवी होती. पण आमची मापं राहिली ती राहिलीच.

२०२१ च्या एप्रिलमध्ये फिटरदादा गेले. ते दिवस कसे होते सगळ्यांना माहीत आहे. शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही. त्याच वर्षी डॉक्टरही गेले. माडीला सात-आठ महिने कुलूप होतं.

पुन्हा उघडली तेव्हा मी, मास्तर आणि वकीलसाहेब, तिघंच. साडेसोळाच्या ब्रॉडगेजवर बोटभर धूळ. मी वही काढून चाळत बसलो. दहा वर्षांत दादांच्या नावावर नोंदी किती असाव्यात? पोस्टकार्डाची, वेगाची, तेलाची आणि ती "विचाराधीन". बस. जो माणूस आमच्यात एकटाच ती गाडी आतून ओळखत होता, त्याला आम्ही रूळ पुसायला लावलं आणि आपण कॅटलॉगवर भांडत बसलो. बँकेत चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, कागद वेळेवर करा, नॉमिनेशन भरा, माणूस आहे तोवर विचारून घ्या. आणि स्वतः काय केलं?

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अडुसष्टच करू."

पण करणार कशावरून? इंजिनाचं माप कुणाकडे? दादांच्या मुलीला भेटायला गेलो. तिनं एक फोटो काढून दिला. शेडमध्ये दादा वाफेच्या इंजिनाला अगदी टेकून उभे, हातात जूट, डोक्याला रुमाल. इंजिन बाजूनं पूर्ण दिसतं. फोटो छान, पण फोटोला फूटपट्टी नसते.

तेव्हा माझी बँक कामाला आली. पेन्शनच्या कागदांत निवृत्त माणसाची उंची आणि ओळखीच्या खुणा लिहिलेल्या असतात. मी आयुष्यभर ते रकाने तपासले आणि कधी त्यांचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मुलीला विचारलं, दादांचे पेन्शनचे कागद आहेत का? होते. लोखंडी ट्रंकेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. उंची पाच फूट चार इंच. खूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. तो डाग आम्ही दहा वर्षं बघत होतो. कुठे भाजलं, हेही कधी विचारलं नव्हतं. मुलीनं सांगितलं.

पाच फूट चार इंच म्हणजे १६३ सेंटीमीटर. फोटोत दादा ३२ मिलिमीटर. म्हणजे फोटोतला एक मिलिमीटर खरा पाच सेंटीमीटरच्या थोडा वर. त्यावरून मास्तरांनी चाकं, फूटप्लेट, धुराडं, छप्पर, सगळं काढलं. दादा स्वतःच फूटपट्टी झाले. मास्तरांचा भाचा इंजिनीअर आहे. त्यानं त्या मापावर कॉम्प्युटरवर इंजिनाची बॉडी काढून थ्रीडी प्रिंटरवर छापली आणि खाली एन मापाच्या इंजिनाची मोटर-चाकं बसवली. नऊच्या रुळावर. बसलं.

अख्खी लाइन कुठली करणार? श्योपूरपर्यंत जायचं तर ६८ व्या हिश्श्यानंसुद्धा तीन किलोमीटर रूळ लागतील, म्हणजे माडीतून निघून बाड्याच्या पलीकडे. अठरा फुटांत खरी लाइन पावणेचारशे मीटर मावते. म्हणून फक्त घोसीपुरा. एक फलाट, एक फाटक, खोळंबलेला टांगा, दोन सायकलवाले. वकीलसाहेब म्हणाले तसं झालं, त्या मापाची तयार माणसं मिळाली नाहीत. मग ती त्यांनीच केली, तांब्याच्या तारेवर माती चढवून. वयाच्या पंचाहत्तरीत, भिंग लावून. पहिला माणूस केला तो डोक्याला रुमाल बांधलेला. उंची २४ मिलिमीटर. तो इंजिनापाशी उभा आहे. डाव्या मनगटावर सुईच्या टोकानं एक ठिपका दिलाय. तो भिंगाशिवाय दिसत नाही, पण आम्हाला ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीत गाडी चालवली. सेकंदाला बारा सेंटीमीटर. अठरा फुटांना पाऊण मिनिट. दादांची मुलगी, नातवंडं आली होती. धाकटा नातू म्हणाला, "इतकी हळू?" त्याची आई म्हणाली, "एवढीच जायची रे."

आता मागणं.

दौलतरावांनी १८१० च्या सुमारास इथे तळ ठोकला त्याचं लश्कर झालं, आणि तेव्हापासून आपल्या घरांतली माणसं या मातीत आहेत. तुमच्यापैकी किती जणांचे आजोबा-काका छोट्या लाइनीनं भिंडला, शिवपुरीला, सबलगढला नोकरीला, लग्नाला, कोर्टाच्या तारखेला गेले असतील. काही जण आज इंदूर, पुणे, बंगळुरू, परदेशात आहेत. जुन्या अल्बममध्ये गाडीचा, फलाटाचा, फाटकाचा एखादा फोटो असेल तर कृपया पाठवा. अस्पष्ट असला तरी चालेल. शिवपुरीच्या फाट्याचं आमच्याकडे एकही चित्र नाही.

आणि फोटोत आपल्या घरचं माणूस उभं असेल, तर त्याची उंची लिहायला विसरू नका. उंची माहीत नसेल आणि ते माणूस अजून घरात असेल, तर हे वाचून झाल्यावर त्यांना भिंतीशी उभं करा आणि आजच मोजा. मोजता मोजता बाकीचंही विचारून घ्या.

आमची माडी रविवारी दहा ते एक उघडी असते. चहा आहे. डॉक्टरांची खुर्ची रिकामी आहे. रूळ पुसायला माणूस हवाच आहे.